उबदार नकार

३ मार्च, सोमवार

शनिवारी सकाळी प्रार्थना उरकून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि कपातला चहा निवायच्या आत हजारो लोकांना बाहेरचा रस्ता दाखवला. चार ओळींत. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही.

आमचा कक्ष एका गेम कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळतो. लोक टीव्हीला कन्सोल जोडतात, त्यावर गेम खेळतात आणि इंटरनेटवरून एकमेकांच्या गेममध्ये ये-जा करतात. त्यातले काही महाभाग कन्सोल उघडून आत चिप बसवून घेतात. मग चोरून उतरवलेले गेम फुकटात चालतात. अशा सगळ्या कन्सोलना कंपनी एका फटक्यात ऑनलाइन खेळायला कायमची बंदी करणार आहे. बंदी झालेल्यांना पाठवायचा मजकूर वकिलांनी पानभर लिहून दिला होता. तो वाचताना मलाच आपण काहीतरी केलंय असं वाटायला लागलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, याला जरा माणसाचा आवाज द्या. नकार हवाच आहे, पण उबदार हवा."

मॅडम आमच्या प्रमुख. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला इथे घेतलं ते माझ्या भाषेसाठी. आधी मी एका वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं नीटनेटकी करून छापायचो. ते वर्तमानपत्र वाचकांअभावी बंद पडलं. पत्रं मात्र शेवटपर्यंत येत राहिली. त्याआधीची सगळी पुण्याई गावच्या शाळेची. वाक्य असं लिहा की ऐकणाऱ्याला धाप लागू नये, असं आमचे गुरुजी सांगायचे. तर त्या पानातला फापटपसारा काढून मी चार ओळी ठेवल्या:

"हे कळवताना आम्हाला आनंद होत नाही. आपल्या कन्सोलमध्ये फेरफार आढळल्यामुळे त्याच्यासाठी आमचं ऑनलाइन दार आता बंद झालं आहे. इतके दिवस आपण आमच्या अंगणात खेळलात, ते आमच्या स्मरणात राहील. लोभ असावा."

बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाला हाकलताय?"

"ऑफिसचं आहे. चोरांना."

"मग लोभ कशाला असावा?"

तिला पत्रलेखनातलं कळत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. मॅडमना पत्र इतकं आवडलं की त्यांनी ते वरती पाठवलं, आणि वरच्यांनी आणखी वरती. आज ते सुटलं.

६ मार्च, गुरुवार

अपिलांचा पूर आलाय. बंदी झालेल्या माणसाला तीन वेळा अपील करता येतं. प्रत्येक अपील आम्ही काळजीपूर्वक वाचतो आणि मग नाकारतो. आजवर एकही मान्य झाल्याचं कक्षात कुणाला आठवत नाही. आमचं दार सदैव उघडं असतं. लगेच मागे भिंत आहे, एवढंच.

अपील लिहायला चौकटीत मोजकी अक्षरं मावतात. तेवढ्यातही माणसाची प्रतिभा दिसते. एकाच्या कन्सोलमध्ये चिप उंदरांनी बसवली. एकाला चिप म्हणजे काय हेच माहीत नाही, पण ती ज्या दुकानात बसवली नाही त्या दुकानाचं नाव तो अचूक सांगतो. एक जण लिहितो की त्याने देवाची शपथ घेतली आहे. कोणत्या देवाची ते लिहिलेलं नाही. मी ते खुंटीला टांगून ठेवलं.

मला यांची दया येत नाही. कुणाची तरी मेहनत आहे, ती फुकटात उचलायची आणि वर रडायचं. चोरी ती चोरी. रोज सकाळी डोळे मिटून भजनं ऐकताना मन कसं निर्मळ होतं, तसं या लोकांचं कधी होत असेल का, असं मनात येतं. जावयाने एवढ्याशा पेनड्राइव्हमध्ये साऱ्या गायकांची भजनं भरून दिली आहेत. एक पैसा लागला नाही म्हणाला. हुशार आहे पोरगा. बदली होऊन जाताना त्याचा जुना काळा डबाही आमच्या टीव्हीखाली ठेवून गेला. त्यावर सिनेमे दिसतात म्हणे. मी दुपारी बारा ते रात्री आठ ऑफिसात. बायकोला तेवढाच विरंगुळा.

१० मार्च, सोमवार

आज एक वेगळं अपील आलं. खेळाडूचं नाव 'खारुताई'.

"आपलं पत्र ऐकलं. गोड आहे. माझा कन्सोल एका नातेवाइकाचा जुना, त्याच्या पोटात काय आहे मला ठाऊक नाही. मी एकच गेम खेळते, तो विकत घेतलेला आहे. दूरच्या एका माणसाबरोबर बेटावर घर बांधतेय. छप्पर राहिलंय. तेवढं होऊ द्याल का?"

'ऐकलं' नव्हे, 'वाचलं' हवं. बाकी एकही शब्द जास्तीचा नाही. माझ्या शेजारच्या हेडफोनवाल्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, "काका, एक नंबरचा छापील नकार चिकटवा आणि पुढे व्हा, रांग बघा किती आहे." मी नकार पाठवला, पण मोजून एक वाक्य स्वतःचं घातलं: "आपली भाषा वाचून समाधान वाटलं, त्याबद्दल आभार." इतकं तरी माणसाने माणसाला द्यावं.

घरी बायको गप्प गप्प असते. धाकट्या बहिणीची काळजी असेल. मेहुणीला मागच्या वर्षी पक्षाघात झाला, त्यात वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. आधी दोघी फोनवर तासन्‌तास बोलायच्या. आता फोनवर बोलणार काय? सुरुवातीला बायको फार रडली. मग सावरली, दुपारची जरा प्रसन्नही दिसायची असं कामवाल्या बाई म्हणायच्या. हल्ली बहिणीचा विषयही काढत नाही. मन घट्ट केलंय तिने. मी तिला प्रार्थनेत सामील हो म्हटलं, तर म्हणाली, "तुमची भजनं संपली की सांगा, मला गिरणीत जायचंय."

११ मार्च, मंगळवार

भाजीत मीठ नव्हतं. मी काही बोललो नाही. संयम म्हणतात तो हाच.

१५ मार्च, शनिवार

खारुताईंचं दुसरं अपील.

"माझ्या भाषेने आपल्याला समाधान मिळालं हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडून कुणाला तरी काही मिळालं. पण मी भाषेबद्दल विचारलं नव्हतं, छपराबद्दल विचारलं होतं. लोभ असावा म्हणता, तर तो कुणी कुणावर ठेवायचा तेवढं कळवावं."

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. वर्तमानपत्रात असतो तर हे पत्र पहिल्या जागी चौकटीत छापलं असतं. बाई कुठल्या तरी चांगल्या शाळेत शिकलेल्या असणार. मॅडमनाही दाखवलं.

त्या म्हणाल्या, "छान आहे हो. उपरोध वगैरे."

"काही करता येईल का?"

"कन्सोलमध्ये चिप आहे ना?"

"आहे. यंत्राच्या तपासणीत दिसतंय."

"मग?"

मग काही नाही. नियम न्याय्य आहे. त्या बाईंनी स्वतः बसवली नसेल, पण चिप कुणी बसवली हे यंत्राला कसं कळणार? दोन नंबरचा नकार पाठवला आणि अपिलाबद्दल मनापासून आभार मानले. शेवटी लिहिलं, "आपल्या घराला छप्पर लाभो, ही सदिच्छा." हे वाक्य मला फारच आवडलं. घरी जाऊन बायकोला ऐकवलं.

तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं. "सदिच्छा," ती म्हणाली. "वा." आणि झोपायला गेली. ती मोकळेपणाने कौतुक करणाऱ्यांतली नाहीच.

१९ मार्च, बुधवार

तिसरं अपील, म्हणजे शेवटचं:

"सदिच्छा मिळाली. छपरावर घालून पाहिली, गळते. एक विचारते, उत्तर द्यायचं बंधन नाही. आपल्या घरी कुणी बोलायचं थांबलं तर आपल्याला किती दिवसांनी कळतं? की तिथेही तीन अपिलं लागतात?"

हा जरा वैयक्तिक हल्ला झाला. पण भाषा! अंतिम नकारात मला स्वतःचं काही लिहायची मुभा नसते, त्यामुळे छापील मजकूर जसाच्या तसा गेला. शेवटी आभार असतातच.

बायको रविवारपासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. बहुधा दाढ दुखतेय.

२० मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी ऑफिसात साडूचा फोन आला. साडू कामाशिवाय फोन करत नाही. काम असलं तरी शक्यतो मिस्ड कॉल देतो. म्हणून घाबरून उचलला.

"काय हो साडूभाऊ, आमच्यावर राग आहे का काही?"

"कसला राग?"

"नाही, तुमच्या मंडळींनी खेळणं सोडलं म्हणून विचारतो. ही रोज चारला हातात ते बटणांचं घेऊन टीव्हीसमोर बसते. बेटावर हिची बाहुली एकटीच उभी. पाच वाजेपर्यंत बसते, मग आम्ही आत नेतो. डॉक्टर म्हणत होते बोटं सुधारताहेत, ते त्या घर बांधण्यामुळेच. आता बोटंही हलवेना झालीय."

"कोणतं घर?" मी विचारलं. पण विचारता विचारताच मला कळलं होतं.

"अहो, दोघी बहिणी बांधत होत्या की. ताईची बाहुली विटा आणणार, हिची रचणार. बोलायचं काही नाही. हिने दोन उड्या मारल्या की हो, गोल फिरली की नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

पुढची अपिलं माझ्या समोर होती. मला ती दिसत नव्हती. जावयाचा काळा डबा, 'ऐकलं' हा शब्द, मीठ, ताट, दाढ, सगळं एकदम येऊन बसलं. इतका वाचक मी, आणि मला घरातलं पत्र वाचता आलं नाही.

घरी गेलो. ती टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर आमच्याच चार ओळी होत्या, लोभ असावा वगैरे.

"अगं, मला सरळ सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा आभार मानलेत. एकदा भाषेचं कौतुकही केलंत."

"घरात का नाही बोललीस?"

"घरात बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, नियम आहे. म्हटलं, ऑफिसात तरी माणसं असतील."

मी तत्त्वाचं बोललो. अडलो की मी नेहमी तेच करतो. म्हणालो, तुझी चूक नाही, पण त्यात चिप आहे, जावयाने चोरीचे गेम खेळायला बसवली, आणि चोरी ती चोरी.

"बरं," ती म्हणाली. "त्याच जावयाने पेनड्राइव्ह भरून दिलाय. ते भजनवाले पोटाला काय खात असतील?"

आज सकाळी प्रार्थना केली. भजनांशिवाय. घर फार शांत वाटलं, आणि त्या शांततेत मला माझंच पत्र ऐकू येत होतं.

२१ मार्च, शुक्रवार

काल तांत्रिक विभागातल्या दाढीवाल्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. विचारलं, बंदी आल्यावर माणसाने गेममध्ये बांधलेलं सगळं कधी पुसतात?

"पुसतात? कशाला?" तो डबा खाता खाता म्हणाला. "बंदी कन्सोलला असते काका, खात्याला नाही. दुसऱ्या चांगल्या कन्सोलवर तेच खातं उघडायचं. सगळं जिथल्या तिथे."

"मग हे लोकांना सांगितलं का नाही कुणी?"

"वकिलांनी लिहिलं होतं ना. पान संपता संपता होतं बघा. पत्रातून कुणी काढलं काय माहीत."

मला माहीत होतं. वकिलांचा कागद काढून पाहिला. होतं वाक्य. अगदी ओबडधोबड: 'सदर बंदी केवळ उपकरणास लागू असून वापरकर्त्याचे खाते व त्यातील नोंदी अबाधित राहतील.' आता आठवतं, त्या शनिवारी मी ते दोनदा वाचलं. लय सुरेख जमली होती आणि मध्येच हे, भजन चालू असताना कुकरची शिट्टी व्हावी तसं. फापटपसारा म्हणून काढून टाकलं. सबंध पानात कुणाच्या उपयोगाचं तेवढं एकच वाक्य होतं, आणि मी अचूक तेच वेचून काढलं.

रात्री बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती आनंदेल.

"पत्रात तर नाही तसं."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही फार छान सांगता, त्याचीच भीती वाटते. बहिणीला काय कळवू? चल म्हणून पुन्हा बसवू, आणि बेट रिकामं निघालं तर? एकदा तिची वाचा गेली, एकदा घर गेलं. तिसऱ्यांदा मी तिच्याकडून काही काढून घेणार नाही. कंपनीकडून लेखी आणा."

"मीच तर लिहितो कंपनीचं."

"म्हणूनच म्हणते."

२५ मार्च, मंगळवार

मॅडमशी बोललो. खारुताई माझी बायको आहे, हे आधी सांगितलं. तिची फाइल दुसऱ्याकडे द्या म्हणालो. बंदी उठवा असं म्हणणार नाही, चिप खरीच आहे. फक्त ते वाक्य पत्रात परत घाला आणि सगळ्यांना पाठवा.

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण वेळ चुकीची आहे. हे आपलं आजवरचं सर्वांत यशस्वी पत्र आहे. बहुतेक लोकांनी उलट काही लिहिलंच नाही. म्हणजे समाधानी."

"किंवा हताश."

"हताश असा रकाना नाही आपल्याकडे."

"पण खातं शाबूत आहे हे लोकांना कळायला नको?"

"कळेल ना. पुढच्या तिमाहीत मजकुरांचा आढावा आहे. तेव्हा सुचवा. आत्ता पाठवलं तर वरचे विचारतील, आधी का नव्हतं? आणि आधी का नव्हतं, याचं उत्तर तुम्हीच आहात."

हे फार खरं होतं. मी मान हलवून बाहेर आलो. मनात आलं, तीन महिने म्हणजे काही फार नाही. नोकरी या वयात दुसरी मिळायची नाही. बायकोसाठी एखादं वेगळं पत्र कंपनीच्या कागदावर लिहून द्यावं, कुणाला कळणार? हा विचार मी बराच वेळ केला. इथे लिहून ठेवतो, कारण देवाला माहीतच आहे, मग वहीने काय घोडं मारलंय. पण बायकोच्या चिठ्ठीपुरतं खरं लिहायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या रिकाम्या बेटांकडे बघत बसायचं, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. कितीतरी घरांत कुणीतरी चारला बसून पाचला उठत असेल. त्यांतले काही चोर असतील. चोरांचं घरही त्यांनीच बांधलेलं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज ऑफिसातच लिहितोय, कारण घरी पोचेपर्यंत मी इथला असेन की नाही सांगता येत नाही.

आमच्याकडे नवं पत्र पाठवायचं तर पाच जणांची मान्यता लागते. पण गेलेल्या पत्रात शुद्धलेखनाची चूक सापडली, तर दुरुस्ती मी एकट्याने पाठवायची असते. ऱ्हस्व-दीर्घाला वकील लागत नाही. बंदीचं पत्र ज्यांना ज्यांना गेलं, त्या सगळ्यांना दुरुस्ती एका बटणात जाते.

सकाळी घरी त्या वाक्याचं चार प्रकारे लेखन केलं. पहिलं फार सुंदर झालं, म्हणून फाडलं. दुसऱ्यात 'आपल्या स्वप्नांचं घर' असं काहीतरी शिरलं होतं. तिसरं मनात वाचताना मला स्वतःचाच आवाज आवडला, तेव्हाच समजलो. चौथं घेऊन आलो.

"आधीच्या पत्रात एक महत्त्वाची गोष्ट राहिली होती. बंदी तुमच्या कन्सोलला आहे, तुमच्या खात्याला नाही. फेरफार नसलेल्या दुसऱ्या कन्सोलवर तेच खातं उघडलं की तुमचं सगळं आहे तसं मिळेल. काही पुसलेलं नाही."

दुपारी दोनच्या सुमारास बटण दाबलं. हात जोडावेत असं वाटलं, पण शेजारी हेडफोनवाला बघत होता. तो म्हणाला, "काका, 'राहिली होती' नंतर क्षमस्व वगैरे नको?" म्हटलं, नको.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. ती कधी ऑफिसात फोन करत नाही.

"अहो, कंपनीचं काहीतरी आलंय. हे कुणी लिहिलंय?"

"का?"

"किती रुक्ष लिहिलंय. ना मायना, ना लोभ."

"मीच लिहिलंय."

"मग खरं असणार," म्हणाली. पलीकडे पेला का काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, हलकाच. "जावयाला सांगते, दुकानातून नवा डबा सीलबंद पाठवून दे. उघडायचा नाही म्हणावं, खोक्यासकट पाठव. आणि बहिणीकडे आत्ता फोन लावते. तिने नुसतं कानाला धरलं तरी पुरे. ठेवू?"

"ठेव."

मग मॅडम आल्या. हातात त्यांचा फोन, फोनवर माझं पत्र. आवाज मुळीच चढलेला नव्हता, उलट थोडा थकलेला होता.

"काका, हे शुद्धलेखन आहे?"

"नाही."

"तुम्ही पाठवलंत?"

"हो," मी म्हणालो. त्यापुढे एक फार सुरेख वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी बोललो नाही.